भेंडी अशी तोडत न्हाईत

"पिच्चर चांगला हाय. पण भेंडी अशी तोडत न्हाईत."

एवढंच बोलले मी. बारामतीच्या त्या हॉलमध्ये, शेवटच्या रांगेतून उभी राहून, पाच महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं ते हे. साठ-सत्तर माणसं वळून बघायला लागली. पुढं माइक घेऊन डॉक्टर उभे होते. ते डोळ्यांचे डॉक्टर आणि आमच्या चित्रपट रसिक मंडळाचे अध्यक्ष. ते हसले आणि म्हणाले,

"ताई, हे चित्रपट रसिक मंडळ आहे. गाण्याच्या भेंड्या आपण सहलीला खेळू."

सगळा हॉल हसला. कुणी शेजाऱ्याला टाळी दिली. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत हसत होत्या. दहा मिनिटांपूर्वी त्याच रुमालानं त्यांनी पिच्चर बघून रडलेले डोळे पुसले होते. माझं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. मी खाली बसले. प्लॅस्टिकची खुर्ची करकरली, तर त्यालाही कुणीतरी हसलं.

मला दोन वाक्यं बोलायची होती. खरं बोलायचं होतं ते दुसरं.

आणि "हाय" म्हणायचं नव्हतं. पिच्चर कुठलाही असो, चालेल असं वाक्य मी इंदापूरपासून बारामतीपर्यंत एसटीत मनातल्या मनात घोकत आले होते, "चित्रपट उत्तम आहे. मात्र एक गोष्ट मला खटकली." आहे, आहे, आहे. निमगाव केतकी गेलं, लासुर्णे गेलं, माझं आहे-आहे चालूच. आणि उभी राहिले तेव्हा आईच्या पोटातून आणलेलं तेच बाहेर आलं. हाय.

मी लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला आहे. बिस्किटाच्या पुड्यांवर. पट्ट्यावरून पुडे येतात, फुटका दिसला की बाजूला काढायचा. डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी. आठ तास बोलायचं नाही. संध्याकाळी इंदापुरातल्या खोलीवर यायचं. तिथं बोलायला कुणी नाही. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा मी ही खोली केली, त्याला सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही.

त्या सहा वर्षांत मी पिच्चर किती बघितले ते मला सांगता येणार नाही. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता, भाकरी थापताना फोन डब्याला टेकवून. मराठी, हिंदी, मद्रासी, खाली इंग्रजी अक्षरं येतात तेसुद्धा. कळतं तेवढं घ्यायचं. बघून झाला की मात्र फार वाईट वाटायचं. पिच्चर वाईट म्हणून नव्हे. कुणीतरी "कसा होता गं?" म्हणायला पाहिजे, आणि म्हणणारं कुणी नाही. बसमधल्या पोरी बिचाऱ्या आपापल्या फोनवरच्या रिळांत दंग. एकदा तर मी भिंतीकडं बघून बोलले. अख्ख्या पिच्चरची गोष्ट सांगितली भिंतीला. मग माझीच मला भीती वाटली.

म्हणून डॉक्टरांच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि भिंतीवर तो कागद दिसला, तेव्हा मी तो दोनदा वाचला. चित्रपट रसिक मंडळ. दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा. चित्रपट आणि नंतर चर्चा. प्रवेश सर्वांना खुला. मी विचारलं, "सर्वांना म्हंजी?" डॉक्टर हसून म्हणाले, "सर्वांना म्हणजे सर्वांना. या की." मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा नंबरही घातला.

इंदापूरहून एक गाडी मला साडेआठला बारामतीत सोडते. त्यानंतरची घेतली तर पिच्चर निम्मा होऊन जातो. त्यामुळं मी कायम पहिली. पहिल्यांदा गेले तर हॉल रिकामा, खुर्च्या भिंतीला एकावर एक रचलेल्या. मी पदर खोचला आणि खुर्च्या मांडल्या. आमच्याकडं कीर्तन असो, साखरपुडा असो, जो आधी येतो तो सतरंजी अंथरतो. कुणी सांगावं लागत नाही, कुणी आभारही मानत नाही. नंतर चहा झाल्यावर कप गोळा केले, खुर्च्या परत रचल्या. असं पाच महिने. मला वाटत होतं मी सभासद झाले. खरंच सांगते, मला फार बरं वाटायचं.

भेंडीचं झालं त्या दिवशी चहाला मी कोपऱ्यात उभी होते. कान तापलेले. त्या रडून हसलेल्या बाई कॉलेजात शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. त्या दुसऱ्या एकीला म्हणाल्या,

"ती सभासद आहे? मला वाटलं हॉलवर कामाला आहे."

दोन हातांवर उभी होते मी त्यांच्यापासून. माझ्या हातात त्यांचाच उष्टा कप होता. मला राग यायला पाहिजे होता, पण आधी लाज आली. माणूस आपला अपमान झाला की आधी स्वतःच्याच साडीकडं बघतो. मी बघितलं, साडी चांगली होती. इस्त्रीची. मग मी कप धुतले. हो, धुतले. खुर्च्याही रचल्या. ते आठवलं की आजही मला माझ्या दोन कानफटात द्याव्याशा वाटतात.

परतीच्या गाडीत काटेवाडी आली. काटेवाडी माझं माहेर. दादा-वहिनी आहेत, आमचं बागायती रान आहे. खाली उतरले असते तर जेवायला मिळालं असतं आणि कुणाच्या तरी पोटाशी तोंड लपवून रडता आलं असतं. नाही उतरले. काय सांगणार होते? हसले म्हणून? आमच्यात ह्याला दुखणं म्हणत नाहीत.

ग्रुपवर मात्र तीन दिवस दिवाळी. डॉक्टरांनी पिच्चरवर मोठं लिहिलं. दिग्दर्शकानं मातीचा गंध पकडलाय, ग्रामीण आईचं वात्सल्य पडद्यावर इतकं अस्सल क्वचितच उतरतं. शूटिंग कऱ्हाटीच्या बाजूला झालेलं, त्यामुळं आपल्या भागाचा अभिमान वगैरे. शेवटी लिहिलं, "चित्रपट पाहताना भेंडीच्या पलीकडे पाहता आले पाहिजे." खाली हसून डोळ्यांतून पाणी येणाऱ्या तोंडांची रांग. मी मोजायला लागले आणि मग फोन उलटा ठेवला. मला त्या दिवसापासून ग्रुपवर एक नावही पडलं. भेंडीताई.

पुढच्या रविवारी मात्र मी काटेवाडीला उतरले. वहिनी रानात होती. अंगात दादाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, साडीवरून घातलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दोन्ही हातांत फाटके पायमोजे. भेंडी तोडत होती. भेंडी दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर निबर होते. मी बांधावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. ती थांबली नाही, तोडत राहिली आणि ऐकत राहिली. मग म्हणाली,

"वन्सं, पिच्चरात त्या बाईच्या हातात मोजं न्हवतं?"

"न्हाय."

"आन् शर्ट?"

"न्हाय. पातळ साडी. बिनबाह्यांचं पोलकं."

"आन् तशीच तोडली?"

"दिवसभर. हसत हसत. आन् मग पळत जाऊन लेकराचा गाल कुरवाळला दोनी हातांनी."

वहिनी आता थांबली. हातातल्या मोज्याकडं बघितलं. "लेकराचा गाल? भेंडीच्या हातानं?" आणि मग फक्त म्हणाली, "त्या बाईला लेकरू न्हाय वाटतं."

हेच. हेच माझं दुसरं वाक्य होतं.

ज्यांनी भेंडी फक्त चिरलीय त्यांना सांगते. तिच्यावर बारीक लव असते. कातडीला लागली की आग होते, खाज सुटते, लाल चट्टे उठतात. आमच्या आईकडं मोजे नव्हते, त्या वेळी कुणाकडंच नव्हते. ती उघड्या हातानं तोडायची. मग हात धुवायची, खोबरेल चोळायची, तरी त्या हातानं आम्हाला शिवायची नाही. उन्हाळी भेंडी चालू झाली की माझी वेणी शेजारची काकू घालायची. मी जवळ गेले की आई म्हणायची, "लांब हो, पोरी. हात भेंडीचं हायत." मला वाटायचं, माझी आई मायाच करत नाही. इतरांच्या आया करतात, माझी लांब ढकलते. कित्येक वर्षं मी हा राग मनात धरला.

सहावीत मी वक्तृत्वात पहिली आले. शाळेतून पळत सुटले ती थेट रानात. आईनं मला येताना बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं धरले. मी तिथंच थबकले, रडकुंडीला आले. मग ती वाकली. हात मागंच. आणि तिनं माझ्या कपाळाला कपाळ लावलं. घामानं भिजलेलं, गरम. तसंच राहिली थोडा वेळ. पुढं बाराव्या वर्षी मी स्वतः भेंडीत उतरले, सगळा दिवस हात खाजवत बसले, तेव्हा मला ते कपाळ कळलं. आज आई नाही.

हे सांगायचं होतं मला त्या हॉलमध्ये. की तुम्ही ज्याला अस्सल वात्सल्य म्हणून रडलात, ते पोर रात्रभर तोंड ओरबाडत बसलं असतं. आमच्या आयांची माया हात मागं धरते.

बांधावर बसूनच मी फोन काढला. मला लिहून असं येत नाही. बोलून येतं, मी बोलण्यात पहिली आले होते. मी बोललेलं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. चार मिनिटं. हायला हाय, न्हायला न्हाय. आईच्या हातापासून कपाळापर्यंत सगळं. मागं वहिनीच्या पाटीत भेंडी पडल्याचा आवाज येतोय, तोही राहू दिला.

निळ्या खुणा यायला लागल्या. दहा जणांनी ऐकलं. तीस जणांनी ऐकलं. कुणीच काही बोललं नाही. हसलंही नाही कुणी. रात्र गेली, सोमवार गेला. पट्ट्यावर पुडे येत होते आणि मी दर सुट्टीत फोन बघत होते. मंगळवारी डॉक्टरांचा निरोप आला. सगळ्यांसाठी होता.

"कृपया ग्रुपवर केवळ लेखी अभिप्राय टाकावेत. शुद्ध मराठीचा आग्रह धरू या."

खाली अंगठे. एक, दोन, सतरा. मॅडमचाही.

तो दिवस फार वाईट गेला. हसले होते तेव्हा निदान त्यांनी मला ऐकलं नव्हतं. आता ऐकून झालं होतं. आईला त्यांच्यासमोर नेऊन उभी केली मी, आणि त्यांनी तिची भाषा तपासली. कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून मी रडले. आणि रडता रडताच मला आठवलं की सहावीत पहिली आले होते ती ह्याच बोलीत बोलून. परीक्षक काही मेले नव्हते.

मी लेखी अभिप्राय टाकला. "भेंडी अशी तोडत न्हाईत."

मग पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार आला. मी साडेआठला बारामतीत उतरले. हॉल उघडा, खुर्च्या भिंतीला रचलेल्या. मी वरची एक खुर्ची काढली, पुसली, पहिल्या रांगेच्या जागी बरोबर मधोमध ठेवली आणि बसले. दुसरी काढली नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकच खुर्ची आणि तिच्यावर मी. तासभर तशीच. मनातून घाबरले होते, ते नाही कशाला म्हणू.

पावणेदहाला माणसं यायला लागली. येत आणि दारातच उभी राहत. एकमेकांकडं बघत, माझ्याकडं बघत. शेवटी डॉक्टर आले.

"ताई, खुर्च्या?"

"माझी घेतली मी. तुमी तुमची घ्या."

डॉक्टरांच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. मग त्यांनी खुर्ची काढायला हात घातला. चार खुर्च्या एकमेकींत अडकून आल्या. त्या कशा सोडवायच्या हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी उठले नाही. पिच्चर वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. माझ्या उजव्या आणि डाव्या बाजूला कुणी बसलं नाही.

संपल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कोण बोलणार? मी हात वर केला. माइक मॅडमकडं गेला. मग एका वकिलांकडं. मग आणखी दोघांकडं. माझा हात वरच. खांदा दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या हातानं कोपर धरलं. डॉक्टर म्हणाले, "वेळ संपला, चहा घेऊ." माणसं उठायला लागली. मी माइकशिवाय उभी राहिले.

"आजचा पिच्चर मला निम्माच कळला. पण ती म्हातारी नवऱ्यापुढं खोटं हसत हुती, ते मला पहिल्यापास्नं कळलं."

पाच-सहा जण थांबले. बाकीचे चहाकडं गेले. थांबलेलेही मग एकेक करून तिकडंच वळले. मी चहा प्यायले, माझा एक कप धुतला, जागेवर ठेवला. खुर्च्या तशाच पसरलेल्या होत्या. मी त्यांच्यामधून वाट काढत बाहेर पडले.

ग्रुप मी सोडलेला नाही. भेंडीताई म्हणतात, म्हणू देत. कुणी माझ्याशी बोलत नाही, तेही चालेल, मला त्याची सवय आहे. पण दर महिन्याचा दुसरा रविवार माझाही आहे. गाडी साडेआठलाच पोचते. मी जाणार हाय. खुर्ची एकच मांडणार हाय. आन् जे दिसलं ते बोलणार हाय.