माझ्या साडूंची दुपार

भिण्याच्या बाबतीत माझ्या साडूंइतका चोखंदळ माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. लोक आंबा नाकाला लावून घेतात, बैल दात बघून घेतात, भीती मात्र मिळेल ती घेतात. साडूंचं तसं नाही. पन्नाशी उलटलेला हा माणूस तळोद्याच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतो, घरी येऊन हातपाय धुतो, चहा घेतो आणि संगणकासमोर बसून भीतीचे व्हिडिओ गेम अशा चेहऱ्याने खेळतो, जणू प्रत्येक भूत त्यांच्या टेबलावर अर्ज घेऊन आलं आहे. त्यांची एक वही आहे. तिच्यात प्रत्येक खेळाबद्दल शेरा असतो. ‘अमान्य. भुताला फार घाई.’ ‘जिना चांगला, पण जिन्याखाली कोणीतरी ठेवलेच आहे. फेरसादर करावे.’ एका खेळावर मी चक्क ‘उत्तम’ असं वाचलं. विचारलं तर म्हणाले, “त्यात एक लांब बोळ आहे. टोकाला दार आहे. दार उघडं आहे.” मी पुढचं ऐकायला थांबलो. पुढचं काही नव्हतं.

दचकणं आणि भिणं ह्यांत ते जो फरक करतात, तो मी निदान वीस वेळा ऐकला असेल. घरात ते अहिराणी बोलतात, पण तत्त्वाचं काही सांगायचं झालं की कार्यालयातल्या मराठीत शिरतात. “दचकणं हे अंगाचं काम आहे. फुगा फुटला तर म्हैससुद्धा दचकते. भ्यायला आठवण लागते.” स्वतः ते दचकण्याला इतके कंटाळलेले आहेत की दुसऱ्यालाही चुकून दचकवत नाहीत. आमच्या घरी येताना फाटकापासून खोकत येतात. कोणी पाठमोरं उभं असलं तर जवळ जाताना हळूच गुणगुणायला लागतात. कुकरच्या शिट्ट्या ते मोजतात आणि तिसरी व्हायच्या बेताला ओसरीवर जाऊन उभे राहतात. एकदा आम्ही दोघं विसरवाडीच्या फाट्यावर बसची वाट पाहत होतो. मागून एका ट्रकने असा भोंगा वाजवला की माझ्या हातातला वडा खाली पडला. साडूंनी शांतपणे ट्रककडे पाहिलं आणि म्हणाले, “बघा. ह्याला भीती म्हणतात हल्ली.”

पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मनाने घेतलं की असा एक खेळ आपणच करावा. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिचा जुना संगणक घरी राहिला, त्यावर त्यांनी व्हिडिओ बघून बघून सगळं शिकून घेतलं. आधी भिंती, मग उजेड, मग सावल्या. सगळ्यात जास्त वेळ गेला आवाजात. त्यांचं म्हणणं, शांतता गावागावाची वेगळी असते आणि ती जमवावी लागते. त्यासाठी ते हातात एवढंसं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन हिंडत. एका सुट्टीच्या दिवशी मला सोबत घेऊन जीपने तोरणमाळला गेले. घाट चढून वर पोचलो तर धुकं असं उतरलेलं की तलाव पायाशी असून दिसत नव्हता. साडू काठावर हात पुढे करून सकाळभर उभे राहिले, कोणी कबुतराला दाणे द्यायला उभं असावं तसे. धुक्यातून मधूनच एखादी शेळी, एखादी लाकडाची मोळी आणि तिच्याखाली एक बाई अशी उगवायची आणि परत विरघळायची. एका म्हाताऱ्याने बराच वेळ आमच्याकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, “क्या ढूंढ रहे हो?” साडू म्हणाले, “कुछ नहीं.” ते त्या दिवशी खरोखर तेच शोधत होते. उतरताना जीपमध्ये त्यांनी ते मला ऐकवलं. त्यात सुरुवातीला माझी एक शिंक होती, ती वगळता ते फारच सुरेख होतं.

खेळ तयार झाला तेव्हा त्यांनी त्याचं नाव ‘दुपार’ ठेवलं. पहिल्यांदा खेळायचा मान मला मिळाला, एका रविवारी, जेवणानंतर, लख्ख उजेडात. तुम्ही कामावरून भर दुपारी घरी येता. घर त्यांचंच, तळोद्याचं. पंखा फिरतो आहे, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू आहे, अंगणातल्या निंबाची सावली ओसरीच्या पायरीवर हलते आहे. आतून, स्वयंपाकघरातून, भाकरी थापायचा आवाज येतो. थप, थप, थप, मग जराशी उसंत, मग पुन्हा थप. तुम्ही खोल्यांतून फिरता. सगळं जागच्या जागी आहे. काही उडी मारत नाही, कोणी किंचाळत नाही. आवाजाच्या रोखाने तुम्ही जाता आणि स्वयंपाकघरात पाऊल ठेवता, तेव्हा थापणं थांबतं. आत कोणी नाही. तव्यावरून वाफ निघते आहे. तुम्ही बाहेर येता, की मागे पुन्हा थप, थप. बस, एवढाच खेळ. मी तीन वेळा आत गेलो आणि तिसऱ्यांदा खेळ तसाच चालू टाकून उठलो. ओसरीवर येऊन पाहतो तर साडू सुपारी कातरत बसले होते. “झोप लागली होती का?” त्यांनी विचारलं. मला नक्की सांगता येईना.

मुलीने तो खेळ पुण्याच्या एका कंपनीला पाठवला. कंपनीतल्या एका तरुणाने व्हिडिओ कॉल केला. साडू इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, मी बाजूला. तो मुलगा फार अदबीने बोलला. “सर, वातावरण जबरदस्त आहे. आम्ही घेतोच. फक्त चार ठिकाणी काहीतरी अंगावर आलं पाहिजे.”

“काय यावं?” साडूंनी विचारलं.

“काहीही, सर. मांजर चालेल.”

साडूंनी बराच विचार केला. “आमच्याकडे मांजर नाही.”

तो हसला. मग चारवरून दोनवर आला आणि आठवडाभराने कळवा म्हणाला. फोन ठेवल्यावर साडू थट्टा करतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी शेऱ्यांची वही उघडलीसुद्धा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद आत-बाहेर करणाऱ्या माणसाचं स्वतःचं काहीतरी पहिल्यांदाच बाहेर निघालं होतं. ते जाऊन पोचावं असं त्यांनाही वाटत होतं. दोन दिवसांनी गेलो तर पडद्यावर एक मांजर होतं. फार नाखुशीने काढलेलं, त्यामुळे तेही नाखूश दिसत होतं.

माझी थोरली मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, तोवर त्या संगणकाच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती. घरात भुतंखेतं नकोत, एवढंच तिचं मत. पण नवरा मांजरापायी दोन दिवस नीट जेवला नाही, हे पाहून ती हात पुसत आली आणि खुर्चीवर बसली. “मी देखस,” म्हणाली.

साडूंनी तिला माउस धरायला शिकवलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले. ती त्या पडद्यावरच्या घरात पाहुण्यासारखी शिरली नाही, मालकिणीसारखी शिरली. पायरी झाडलेली नाही हे तिने पहिल्यांदा पाहिलं. पलंगावरची चादर कोणी अशी घालतं का, असं पुटपुटली. मग आवाज आला आणि तिची मान वर झाली. “हाई ते मन्हीच भाकर शे,” ती म्हणाली. साडूंनी तो कधीतरी तिच्या नकळत रेकॉर्ड केला होता. दुसऱ्या कोणाच्या हाताला तो ठेका नाही, हे तिलाही ऐकता क्षणी कळलं. ती स्वयंपाकघरात गेली. थापणं थांबलं. ती तिथंच थांबून सगळं बघत राहिली, वाफेकडे, ओट्यावर घडी घालून ठेवलेल्या फडक्याकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. कॅलेंडर मार्चचं होतं. मी तीन वेळा त्या खोलीत जाऊन आलो होतो आणि ते माझ्या नजरेतही आलं नव्हतं.

सात-आठ वर्षांपूर्वी एका मार्चमध्ये तिचं सुरतला मोठं ऑपरेशन झालं होतं. माझी बायको तिच्यापाशी राहिली होती. मार्चअखेरच्या कामामुळे साडूंना सुट्टी मिळेना, ते सुरत-तळोदा असे हेलपाटे घालत होते. तीन दिवस तर काही सांगता येत नाही, असं डॉक्टरच म्हणाले होते.

“मी सुरतले व्हतू, तवयनं शे ना हाई घर?” तिने पडद्याकडेच बघत विचारलं.

साडूंनी मान हलवली. मग मागे हललेली मान तिला दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाले, “हां. जेवाले घर येऊ. शेजारनी बाई भाकरी थापे. माले वाटे, तूच शे.” हे मात्र त्यांनी कार्यालयातल्या मराठीत सांगितलं नाही.

“तुम्ही कधी सांगं नई.”

“काय सांगनं व्हतं?”

तिने माउस बाजूला सारला आणि म्हणाली, “आते ते मी शे ना आठे. माले तठे ठेवा.”

एवढं बोलून ती उठली आणि धुणं वाळत घालायला गेली. साडूंची अवस्था मांजरापेक्षा वाईट झाली. तिला आत उभी केली तर भीती संपते, नाही केली तर तिचं मन मोडतं. त्यांनी रजा टाकली. एकदा तिला ओट्यापाशी उभी करून पाहिली. मग म्हणाले, हे तर नुसतं घरी येणं झालं. पुसून टाकली. उरलेले दिवस तो माणूस ओसरीवरच्या खुर्चीत नुसता बसून होता. आठवडा संपला तसं कंपनीला त्यांनी पत्र लिहिलं, ‘विषयांकित प्रकरणी मांजराची तरतूद करणे शक्य होत नसल्याने दिलगीर आहे.’ कंपनीने खेळ घेतला नाही. मुलीने तो इंटरनेटवर फुकट टाकून दिला. मधून मधून कोणी कोणी लिहितात. बहुतेकांची तक्रार एकच, ह्याला शेवट नाही.

मीही तेच समजत होतो. मागच्या महिन्यात मेहुणी आमच्याकडे नंदुरबारला आली होती. निघताना चपला घालता घालता मला बाजूला घेऊन म्हणाली, “पाव्हना, तो खेळ पुन्हा उघाडा. ओसरीवरनी खुर्चीवर नुसतं बठी ऱ्हा. आत जाऊ नका.” साडूंनी काय केलं आहे ते तिने सांगितलं नाही.

बायको तिला बसवून द्यायला स्टँडवर गेली होती. मी खेळ लावला आणि पडद्यावरच्या त्या खुर्चीत जाऊन बसलो. आत भाकरी थापली जात होती. उठून बघावंसं फार वाटत होतं, पण उठलो नाही. निंबाची सावली पायरीवरून हळूहळू अंगणात उतरली. गिरणी थांबली. तोरणमाळची ती सकाळ ह्या दुपारखाली कुठेतरी पसरून ठेवली असावी, असं मला वाटत राहिलं. किती वेळ गेला कळलं नाही, डोळे मिटत आले होते. थापणं संपलं, भांड्यावर झाकण ठेवल्याचं ऐकू आलं, आणि आतून मेहुणीचा आवाज आला, थोडासा वैतागलेला, रोज असतो तसाच.

“जेवाले या. भाकर गार व्हई ऱ्हायनी.”

मी खुर्चीतून उठलो आणि स्वयंपाकघराकडे चार पावलं चाललोही. मग लक्षात आलं की ही हाक मला नाही, आणि मी नंदुरबारला माझ्या घरात उभा आहे.