कढीपत्त्याचं एक पान

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी एकदा पानालाच फांदी समजून कुंडीत लावलं होतं. आज कढीपत्ता निवडताना ते आठवलं. काडीवरच्या ज्यांना आपण पानं म्हणतो, त्या नुसत्या पर्णिका. अख्खी काडी मिळून एकच पान, संयुक्त पर्ण. नवा कोंब ज्यातून फुटतो तो डोळा पानाच्या बगलेत, फांदीवर असतो. काडी खुडली की तो मागेच राहतो. मला, पदवीधर बाईसाहेबांना, हे सगळं तोंडपाठ होतं!

पण आई गेली, भावाने घर विकलं, नव्या मालकाने परसातला कढीपत्ता तोडला. आडव्या पडलेल्या झाडाची सगळ्यात हिरवीगार काडी मी घेऊन आले. एकेक पर्णिका गळत होती, तसतशी मी जास्तच पाणी घालत होते. माणूस गेलं की व्याख्या कुठल्या आठवायला? हाताला लागेल ते रुजेल असंच वाटतं. शेवटी सासूबाईंनी काडी उपटून दाखवली. मूळ नव्हतंच. मी तिथेच बसून ओक्साबोक्शी रडले. त्या म्हणाल्या, "ऊठ. चार पानं अजून हिरवी आहेत, आमटीला फोडणी दे. तुझ्या आईच्या झाडाचं आम्हालाही एकदा खाऊ दे."