कोरड्या पात्रातला मासा

त्या वर्षी आमच्या गावच्या जत्रेत बैलांऐवजी माणसं पळाली. बैल सगळे चारा छावणीत, बरगड्या मोजून घ्याव्यात असे झालेले. मग दूध संस्थेच्या चेअरमननी टूम काढली: सोंगाच्या गाड्या करा आणि माणसांनीच ओढा. बक्षीस मात्र चेष्टेचं नव्हतं. दूधच नसल्यामुळे संस्थेचा टँकर रिकामा उभा होता. जिंकणाऱ्या वस्तीवर तो पाऊस पडेपर्यंत दिवसाआड पाणी आणणार होता. आम्ही बायका तेव्हा दोन मैलांवरून पाणी वाहत होतो. त्या टँकरसाठी मी कुठल्याही देवाच्या पाया पडले असते.

आमच्या पुरुषांनी बैलगाडीचा मासा केला. खताच्या पोत्यांचे खवले, डब्यांच्या झाकणांचे डोळे. दुष्काळात मासा! कशात काय अन् फाटक्यात पाय. अडचण होती चाकांची. लाकूड वाळून आकसलं होतं आणि त्यावरची लोखंडी धाव खुळखुळत होती. एरवी चाकं ओढ्यात भिजत टाकली की लाकूड फुगतं, धाव घट्ट बसते. ओढ्यात आता नुसता फुफाटा होता. म्हणून सासऱ्यांनी घरटी एक घागर मागितली. ओल्या पोत्यांत चाकं गुंडाळायची होती.

"माझी रिकामी हाय, मामा," मी म्हणाले.

रिकामी कसली, कणगीमागे गळ्यापर्यंत भरलेली होती. माझ्या दीड वर्षाच्या मुलीला दोन दिवसांपासून हगवण लागली होती. पाणी पाजत राहा, नाहीतर पोर हाती लागणार नाही, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. डावं चाक अर्धं कोरडंच राहिलं.

शर्यत नदीच्या कोरड्या पात्रात होती. मुलीला कडेवर घेऊन मी उभी राहिले आणि खरं सांगते, मला मजा आली. उसाच्या पाचटाच्या हत्तीची सोंड निम्म्या वाटेतच गळून पडली. एका वस्तीनं आगगाडी केली होती. "बीडला रेल्वे आली रं, आली!" म्हणून वर्षानुवर्षं रेल्वेची वाट बघणारे लोक नाचले, तर तिच्यातल्या गोवऱ्यांच्या धुरानं ओढणारेच खोकत खाली बसले. कित्येक महिन्यांनी मी हसले. उरली चेअरमनना चिमटा म्हणून केलेली एक भलीमोठी खुर्ची आणि आमचा मासा. मासा पुढे होता. माझा नवरा जुवाला छाती लावून पळत होता. मी ओरडत होते, पण नजर डाव्या चाकावरून हलत नव्हती.

शर्यत संपायचा दोर वीस पावलांवर असताना त्या चाकाची धाव निसटली. चाक विस्कटलं आणि मासा तोंडावर आपटला. धाव मात्र एकटीच घरंगळत गेली आणि सगळ्यांच्या आधी दोर ओलांडून पडली. लोक पोट धरधरून हसले.

"आमची धाव तर पयली आली की!" आमच्यातला एक जण ओरडला.

"मग धावंलाच पानी पाजतो," चेअरमन म्हणाले. खुर्ची जिंकली.

घरी आल्यावर सासरे गाडीची चाकं केलेल्या सुताराला शिव्या देऊ लागले. नवरा भिंतीला टेकून बसला. त्याचे ओठ चिरले होते. मला राहवलं नाही. कणगीमागची घागर काढून मी दोघांसमोर ठेवली. अजून अर्धी होती. शिव्या थांबल्या.

नवऱ्यानं तांब्या भरला आणि माझ्याकडे न बघता पोरीच्या तोंडाला लावला. स्वतः घोटभरही प्यायला नाही. सासरे दार लोटून घेत म्हणाले, "सुतारानंच घात केला. कुनी इचारलं तर हेच सांगायचं."

पोर वाचली. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा घागर लपवीन. पण पाऊस पडेपर्यंत वस्तीवरच्या बायका ते दोन मैल तुडवत राहिल्या, आणि त्यांच्यामागे चालताना डोक्यावरची घागर जड झाली असं मी एकदाही म्हणाले नाही.