पूजेतला लॅपटॉप

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, मैत्रिणींना नाही, आईलाही नाही — आणि आईने तर त्यातलं निम्मं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या ऑफिसात मराठी वाचणारं कुणी नाही. माझी शाळा हिंदीतली, त्यामुळे हात अडखळतो. की मजकुरामुळेच अडखळतोय?

देवासला आमचं छोटं ऑफिस आहे. धर्मकाट्यांचं सॉफ्टवेअर बनवतो आम्ही. म्हणजे ट्रक काट्यावर चढला की पडद्यावर वजन येतं, पावती निघते — ते. माझ्या शेजारच्या टेबलावर सुधाकरदादा बसत. मूळचे धारचे, आठवडाभर देवासला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरची बस धरायचे. मला हे काम शिकवलं त्यांनी. कॉलेजातून मी नुसती डिग्री आणली होती.

दादा सावकाश काम करत. एक ओळ लिहिण्याआधी दहा प्रश्न. गाडी काट्यावर असताना लाईट गेली तर? ड्रायव्हर उतरलाच नाही तर? मला हसू यायचं, पण त्यांच्या कामाची तक्रार कधी आली नाही.

मग माझ्याकडे एआयचं ते टूल आलं. आलं म्हणजे — मीच आणलं, गुपचूप, स्वतःच्या पैशांनी. आपला कोड बाहेर कुठे टाकायचा नाही, असं मालकांनी बजावलेलं होतं. मी टाकला. काय हवं ते साध्या भाषेत लिहायचं की समोर कोड तयार. पहिल्यांदा मागे कुणी उभं नाही ना, ते मी वळून पाहिलं. दुसऱ्यांदा मी शेजारी चहा घेऊन बसले होते.

आठवड्याचं काम दोन दिवसांत झालं, तेव्हा मालक सगळ्यांसमोर दादांना म्हणाले, “मॅडम ने दो दिन में निपटा दिया, भिया. आपको ही इतना टाइम क्यों लगता है?” दादांनी मान खाली घातली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, “शाबास, वैशू.” मनापासून म्हणाले. तेव्हा खरं काय ते बोलता आलं असतं की नाही? आलं असतं. पण ते कौतुक मला फार गोड लागलं, हे खरं आहे. तेव्हापासून ऑफिसात प्रत्येकाचं काम माझ्या वेगाने मोजलं जाऊ लागलं. जो वेग माझा नव्हताच.

त्यांचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, असं एक वाक्य मी इथे लिहिलं होतं. खोडलं. काय उपयोग त्याचा?

आता दसऱ्याचा दिवस. आणखी लांबवण्यात अर्थ नाही.

आईने सकाळी पाटावर पूजा मांडली होती. तिची शिवणाची कात्री, विळी, आणि माझा लॅपटॉप. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडू. दुपारी दादा आले. सणाचं घर सोडून, धारहून इंदूरला बस बदलून, खिशात आपट्याची पानं घेऊन. मी पाया पडले, सोनं घेतलं. आईने श्रीखंड-पुरी वाढली. त्यांनी ती एखादं काम उरकावं तशी संपवली. मग आई आत गेल्यावर म्हणाले, “वैशू, सोनकच्छच्या काट्याचं काम माझ्याकडे दिलंय. दिवाळीपर्यंत तुझ्या वेगाने झालं तर ठीक, नाहीतर दुसरीकडे बघा, असं मालक म्हणालेत. मला एकदा शेजारी बसून बघू दे. तू नक्की कसं करतेस?”

पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, ज्याने मला शिकवलं, तो मला शिकव म्हणत होता. लॅपटॉप हाताच्या अंतरावर होता. उघडायचा, एवढंच. तासाभरात त्यांना जमलं असतं, कुणालाही जमतं ते.

मालकांची भीती वाटली का मला? नाही, भीती वेगळीच होती. दादांना कळलं असतं की त्यांनी शाबास म्हटलेली मुलगी हुशार वगैरे काही नाही. आणि तिच्या खाली आणखी एक होती, ती जास्त वाईट — हे टूल त्यांच्या हाती आलं, तर त्या दहा प्रश्नांच्या जोरावर ते माझ्या कितीतरी पुढे जातील. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

मी म्हटलं, “दादा, आमच्याकडे पूजेतलं यंत्र दसऱ्याला उघडत नाहीत.”

अशी रीत आमच्या घरात कधीच नव्हती. ती मी तिथे, बसल्या जागी केली.

“आमच्या धारला आरती झाली की उचलतात,” ते म्हणाले. “पण ज्या घरची जी रीत.” उठले, पाटासमोर वाकून लॅपटॉपला हात जोडले आणि बस गाठायला निघाले.

दाराचा आवाज झाल्यावर मी ओढणीने कुंकू पुसलं आणि कामाला बसले. आई दिवा लावायला आली, थबकली. खाली पडलेलं झेंडूचं फूल उचलून तिने पाटावर ठेवलं. “सुधाकर पोचला असेल ना गं स्टँडवर?” एवढंच म्हणाली.

ऑफिसात दादांनी आणखी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा घाईत होते. दिवाळीनंतर शेजारचं टेबल रिकामं झालं.

पुढच्या वर्षी मालकांनी स्वतःच ते टूल सगळ्यांना घेऊन दिलं. शिकवायला इंदूरहून माणूस आला. मी पुढे बसून नवख्यासारखे प्रश्न विचारले, वहीत उतरवूनही घेतलं. आता कोड ते लिहितं आणि मी दिवसभर वाचते. कुठे फसेल ते शोधायचं, हीच आता आमची नोकरी. गाडी काट्यावर असताना लाईट गेली तर, हे त्याला आपणहून सुचत नाही. मी विचारते. मालक म्हणतात, मॅडमचं डोकं फार बारीक चालतं. मी ऐकून घेते.

दादा आता धारला मेहुण्याच्या पाइपच्या दुकानात बिलं करतात. यंदा दसऱ्याला त्यांचा फोन आला. सोनं घे म्हणाले, आईची चौकशी केली. मी दुकानाचं विचारलं. म्हणाले, “आज बिलं हाताने लिहितोय. कॉम्प्युटर पूजेत आहे. मेहुणा कुरकुरतो, पण तुझ्या घरची ती रीत मला फार आवडली होती बघ. तेव्हापासून दरवर्षी पाळतो.”

माझा लॅपटॉप समोर उघडा होता. सकाळी आईने लावलेलं कुंकू झाकणावर तसंच होतं.

“हो दादा,” मी म्हटलं. “पाळायलाच हवी.”