दुखतंय, एवढंच सांगायचं होतं

हर्षल गेल्याचा फोन आला तेव्हा मी साजगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होतो. फोन त्याच्या धाकट्या बहिणीचा होता. "संदीपदादा, हर्षूदादा गेला," एवढंच ती बोलली आणि फोन तसाच चालू राहिला. मला आधी समजेचना. त्याच आठवड्यात तो मला खोपोलीच्या बाजारात भेटला होता. बाइकवरून उतरलासुद्धा नाही. डोळे लाल दिसले म्हणून मी विचारलं, ताप आहे का? तर म्हणाला, "नाय रं, शेतात भिजलो जरा." लेप्टो झाला होता, उंदरांमुळे पसरणारा पावसाळी ताप. भाताच्या खाचरात पायाच्या जखमेतून शिरला असणार, असं डॉक्टर म्हणाले, आणि आणायला फार उशीर झाला असंही म्हणाले. घरात कुणाला पत्ताच नव्हता. मेडिकलमधून गोळ्या आणून तो गुपचूप कामावर जात होता. तिशी नुकतीच ओलांडलेला, दरवाजातून आत येताना वाकावं लागेल एवढा उंच माणूस... तापाने गेला.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात दोन ओळी आल्या, 'पळसदरीच्या क्रिकेटपटूचे निधन'. मी तो पेपर चुरगळून टाकला. हर्षल क्रिकेटपटू नव्हता. क्रिकेटमधून तर त्याला आम्हीच हाकलला होता. भातकापणीनंतरच्या शेतात टेनिस बॉलचे सामने व्हायचे, त्यात तो कोपर वाकवून चेंडू टाकायचा. 'बट्टा टाकतो' म्हणून समोरची टीम भांडायला उठायची आणि आम्ही त्याला लांब बांधावर क्षेत्ररक्षणाला उभं करायचो. तिथून त्याने फेकलेला चेंडू सरळ यष्टिरक्षकाच्या हातात यायचा, एकही टप्पा न पडता. आमच्या शाळेचे खेळाचे शिक्षक इक्बाल सर एकदा हे बघत उभे राहिले. सर मूळचे श्रीवर्धनकडचे, फार कमी बोलणारे. त्यांनी त्याला बांधावरून बोलावून घेतलं आणि म्हणाले, "हा हात वाकडा आहे असं तुला कोण म्हणालं?"

सरांनी शाळेत बेसबॉल सुरू केला तो असा. बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आणि फलंदाजाच्या मागे जाड ग्लोव्ह घालून उकिडवा बसतो तो कॅचर. हर्षल पिचर झाला आणि मी त्याचा कॅचर, कारण त्याचा चेंडू घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पहिले काही महिने माझा तळहात सुजलेला असायचा. पण त्या चेंडूचा ग्लोव्हमध्ये होणारा आवाज... मैदानाशेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी यायची. आमचं दोघांचं बोलणं बोटांच्या खुणांनी चालायचं. कुठला चेंडू टाकायचा याची मी मांड्यांमध्ये हात लपवून खूण करायची, त्याने मान हलवायची. त्याला काय वाटतंय हे मला त्याच्या खांद्यावरून कळायचं. पुढे आम्ही जिल्ह्याच्या संघात गेलो, मग तो एकटा राज्याच्या संघात गेला.

कॉलेजात असताना मुंबईत अमेरिकेतल्या एका क्लबची माणसं निवड चाचणी घ्यायला आली. सरांनी आम्हा दोघांना नेलं. हर्षलने पहिला चेंडू टाकला तो जाळीच्या वरून गेला. दुसरा माझ्या ग्लोव्हमध्ये आला आणि वेग मोजायचं यंत्र धरून उभ्या असलेल्या गोऱ्या माणसाने यंत्र बिघडलं की काय म्हणून ते दोनदा झटकलं. त्या दिवशी सर परतीच्या वाटेत चहा प्यायला थांबले आणि कप हातात धरून नुसतेच हसत राहिले. हर्षलशी करार झाला. गावात फ्लेक्स लागला, त्यावर हर्षलच्या फोटोशेजारी क्रिकेटची बॅट छापली होती. मी मंडळाच्या पोरांशी भांडलो. हर्षल म्हणाला, "जाऊ दे रं, लावला हाय ना."

अमेरिकेत तो क्लबच्या सगळ्यात खालच्या संघात होता. नुकत्याच आणलेल्या, अजून घडायच्या पोरांचा संघ. खोलीत त्याच्यासोबत असलेल्या मुलाला इंग्रजी यायचं नाही आणि ह्याला स्पॅनिश, दोघं हातवारे करून भांडी घासायच्या पाळ्या ठरवायचे. पहिल्या हंगामात त्याचा वेग बघून सगळे खूश होते, पण चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. प्रशिक्षकाने त्याची पाय टाकायची पद्धत बदलली. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला त्याने एका सामन्यात एकापाठोपाठ एक फलंदाज बाद केले. त्या फोनवर तो जेवढा बोलला तेवढा आधीही कधी बोलला नव्हता आणि नंतरही नाही. एकेक चेंडू सांगत होता. "तू असतास ना, तर तू पण हीच खूण केली असतीस," म्हणाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका फोनवर सहज म्हणावं तसं म्हणाला, "करंगळी बधिर होते रं. कोपर पण ठणकतो."

"मग तुमच्या डॉक्टरला सांग."

"सांगितलं का बसवतील."

"बसवू दे की. बरा होशील."

"तुला नाय कळायचं. हितं मागं रांग हाय. मी बसलो का माझ्या जागी दुसरा. मंग काय तोंड घेऊन येऊ? तू सरांना बोलू नको हां."

मी दुसऱ्याच दिवशी सरांना सांगितलं. सरांनी त्याला फोन केला, तर हा हसून म्हणाला, संद्या काहीपण सांगतो सर, मी मस्त आहे. माझ्याशी तो बरेच दिवस बोलला नाही. दुखऱ्या हाताने फेकत राहिला, वेग उतरत गेला, आणि हंगाम संपल्यावर त्याला सोडून देण्यात आलं. निघण्याआधीच्या तपासणीत कोपरातलं लिगामेंट फाटलेलं निघालं. तिथला डॉक्टर त्याला म्हणाला, दुखायला लागलं तेव्हाच सांगितलं असतंस तर आम्ही ऑपरेशन करून तुला ठेवून घेतलं असतं. हे त्याने मला पळसदरीच्या धरणाच्या भिंतीवर बसून सांगितलं. हसत सांगितलं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. अजूनही वाटते.

परत आल्यावर तो खालापूरकडच्या एका गोदामात नोकरीला लागला, सुट्टीच्या दिवशी शेती बघायचा. सरांनी कितीदा निरोप पाठवले, शाळेच्या पोरांना शिकव म्हणून. मी त्याला मैदानावर न्यायला बाइक घेऊन दारात उभा राहायचो. "हात उचलत नाय," "काम हाय," "बघू पावसाळ्यानंतर." शेवटी एकदा वैतागून मी विचारलं, तुला आठवण तरी येते का? तो म्हणाला, "नाय. मी चेंडूला हात पण लावत नाय आता." मी विश्वास ठेवला. त्यानंतर आम्ही भेटायचो ते पाऊसपाण्याचं बोलायला.

तेरावं झाल्यावर पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. काकूंनी, म्हणजे हर्षलच्या आईने, मला त्याच्या खोलीत नेलं. ही खोली तो परत आल्यावर बांधलेली, वर स्लॅब. मी आधी कधी आत गेलो नव्हतो, आम्ही ओटीवरच बसायचो. काकू म्हणाल्या, "बस रं बाबा, कॉटवर बस. सगळी खालीच बसतात."

मी बसलो आणि मान वर गेली. कॉटच्या बरोबर वर, उशीच्या बाजूला, पांढऱ्या स्लॅबवर राखाडी डाग होते. एकावर एक, ताटाएवढ्या जागेत दाटलेले. त्या जागेबाहेर एखाददुसराच.

"हे काय काकू?"

"बॉल. उताणा पडून वर टाकायचा आन झेलायचा. कामावरनं आला का रोजच. टप टप चालायचं. पोपडे पडायचे, मी वरडायची." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला म्हाईत नाय? आमाला वाटलं, तुला तरी सांगत असंल."

मी नाही म्हटलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी त्या डागांखाली बसून राहिलो. साजगाव ते पळसदरी, बाइकने कितीसं अंतर... मला बोलावलं असतंस तर मी झेलला असता ना रे.