उसवलेली नावं

"दॅट्स माय ओल्ड शर्ट, दॅट."

रिंकच्या कठड्याला रेलून, हातात चिप्सचा डबा धरून मुलांच्या टीममधला एक पोरगा मोठ्याने म्हणाला. बर्फावर माझी मुलगी होती. तिच्या पाठीकडे बोट करून शेजारच्या मित्राला सांगत होता, हा माझा जुना शर्ट. मित्र खिदळला. मग याने तोंडाभोवती हात धरून हाक मारली. स्वतःचंच आडनाव घेऊन, माझ्या मुलीला. परत मारली. त्याच्या मागची सगळी पोरं तेच नाव ओरडायला लागली.

रेवाने मान वळवली नाही. पण तिचे खांदे वर गेले. आईला कळतं ते.

मी त्यांच्या मागच्या बाकावर होते, मांडीवर थर्मास घेऊन. त्या शर्टावरचं त्याचं नाव मीच उसवलं होतं. ब्लेडने, एकेक टाका, कापडाला धक्का न लावता. त्या जागी 'रेवा' शिवलं होतं. पण जुनी अक्षरं काढली तरी त्यांच्याखालचं कापड गडद राहतं. बाकीचा शर्ट धुऊन धुऊन विटलेला, आणि त्याच्या नावाची जागा तेवढी नव्यासारखी. लांबून आधी तो दिसायचा. मग माझी मुलगी.

आणि मी काय केलं? त्या पोराने मागे वळून पाहिलं तर मी हसले. "सॉरी," म्हणाले. कशाबद्दल सॉरी, कुणास ठाऊक. या देशात आल्यापासून मी दाराला धडकले तरी दाराला सॉरी म्हणते.

नीट सांगते. आम्ही लीड्सला राहतो. नवरा हॉस्पिटलात पोर्टर. मी शेजारच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत, तिथल्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये साफसफाई आणि लाँड्री बघते. युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही, मुलगी अजून तिथेच शिकते. ती आइस हॉकी खेळते. गावाकडे फोनवर सांगितलं की त्यांना मैदानावरची हॉकी वाटते. ही बर्फावरची. पायात पात्याचे बूट, अंगभर पॅड, आणि खेळून आल्यावर असा घामट वास की खिडकी उघडावी लागते.

मुलांची टीम युनिव्हर्सिटीची. त्यांचा बर्फ, त्यांचा कोच, त्यांची बस, सगळं युनिव्हर्सिटी भरते. त्यांचे कपडे धुणं माझ्या रोटावर, म्हणजे कामाच्या यादीत आहे. मुलींची टीम नुसता क्लब. म्हणजे हौस. रिंकचं भाडं मुलींनी आपल्या खिशातून द्यायचं, आणि बर्फ मिळायचा तो रविवारी उजाडता उजाडता, मुलाबाळांची गर्दी यायच्या आत. मुलींचे कपडे रोटावर नाहीत. म्हणून पोरांचे मोजे मी युनिव्हर्सिटीच्या मशीनमध्ये धुवायचे, आणि माझ्या मुलीचे घरी आणून अडगळीच्या खोलीतल्या रेडिएटरवर वाळवायचे. घाम तोच.

मला यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगते. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. मुलगी युनिव्हर्सिटीत आहे, तिथल्या लोकांबरोबर खेळते, एवढ्यानेच माझा ऊर भरून यायचा.

आणि ग्रॅहम सर होते. स्पोर्ट्सचे मुख्य. सगळे त्यांना नुसतं ग्रॅहम म्हणतात, मला ते जमत नाही. मला इंग्रजी धड येत नव्हतं तेव्हा त्यांनी मला नोकरी दिली. नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पगारी सुट्टी दिली, वर घरी फुलं पाठवली. दर दिवाळीला मी त्यांच्यासाठी चिवडा न्यायचे. देवाच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो लावायचा तेवढा बाकी होता.

एक दिवस ते लाँड्रीत एक मोठी पिशवी घेऊन आले. पोरांना नवे शर्ट आले होते. "हे नाहीतर कचऱ्यात जातील. तुमच्या मुलींना चालतील?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी थँक यू किती वेळा म्हणाले, आठवत नाही. पिशवी बसमधून मांडीवर घेऊन घरी आले. पोरांच्या खांद्याचे शर्ट मुलींना ढगळ व्हायचे, ते बाजूंनी आत घेतले. नावं उसवली. नवी शिवली. मशीनवर बसले की मी गुणगुणायचे. इतकी खूश होते मी.

मग ग्रॅहम सर आमच्या घरी आले. बरोबर कॅमेरावाली पोरगी. मुलींच्या क्लबवर छोटा व्हिडिओ करायचाय म्हणाले. मुलींनी तेव्हा युनिव्हर्सिटीकडे मागणी केली होती, आम्हालाही मुलांसारखंच टीम म्हणून घ्या. मला वाटलं, सर मदत करतायत. मी नवीन साडी नेसले. चहा केला. चिवड्याची बशी पुढे केली.

"नो, नो, आय कुडन्ट," ते म्हणाले.

मी ऐकते होय! बशी त्यांच्या हातात दिली, वर आणखी एक मूठ टाकली. हसत हसत त्यांनी सगळी संपवली.

मग मला मशीनवर बसवलं. कॅमेरा सुरू झाला. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही हवंय का? मुलींना काही कमी आहे?"

आता घरात पाहुणा बसलेला. चहाचा कप त्याच्या हातात. त्याला काय, हे कमी आहे आणि ते कमी आहे म्हणून सांगायचं? माझ्या आईने मला असं वाढवलं नाही. "नो, नो, नथिंग," मी म्हणाले. "वुई आर व्हेरी हॅपी. थँक यू सो मच."

आमच्याकडे पहिलं नको हे धरायचं नसतं. समोरच्याने परत विचारायचं असतं. तेव्हा कुठे माणूस खरं बोलतो.

त्यांनी परत विचारलं नाही. कॅमेरा बंद झाला.

त्यानंतरची ती मॅच, तो चिप्सचा डबा, ते ओरडणं. घरी येताना बसमध्ये रेवा खिडकीबाहेर बघत बसली. मला माझा फ्रॉक आठवला.

कराडच्या बाजूला आमचं गाव. आई शाळेतल्या एका बाईंकडे भांडी घासायची. सणाला बाई त्यांच्या मुलीचे उतरलेले कपडे द्यायच्या. त्यातला एक पिवळा फ्रॉक, गळ्याला झालर. मी तो घालून वर्गात गेले. बाईंची मुलगी माझ्याच वर्गात. ती बाकावर उभी राहून म्हणाली, "ए, हा माझा फ्रॉक आहे! बघा, खिशाला शाईचा डाग आहे का नाही!" पोरं डाग बघायला माझ्याभोवती जमली. खिसा उलटा करून बघितला त्यांनी. डाग होता.

घरी येऊन रडले तर आई म्हणाली, "दिलंय ना त्यांनी? मग घालायचं गप. वर तोंड करून बोलू नको."

पुढे शाळेत जायला पाय उचलेना. वर्षाच्या आत शाळा सुटली. आणि तीस वर्षांनी, समुद्रापार, मी तोच फ्रॉक शिवून माझ्या मुलीच्या अंगावर घातला. स्वतःच्या हाताने. गुणगुणत.

मागणीवर निर्णय घ्यायला बैठक होती. ग्रॅहम सर म्हणाले, "तुम्हीही या. तुम्ही तर या क्लबचा जीव आहात." मी शिफ्टच्या गणवेशावर स्वेटर घालून गेले. काचेची खोली, लांब टेबल, बिस्किटं. कमिटीची माणसं एका बाजूला. समोर रेवा आणि मुलींची कॅप्टन एली. एली इथलीच, बेकरीवाल्याची मुलगी, बोलायला पटाईत. तिने नीट मांडलं. बर्फ जरा माणसांच्या वेळेला द्या. कोच द्या. कुणी डोकं आपटून पडलं तर बघायला माणूस द्या. अंगाला बसणारे कपडे द्या.

कमिटीतले एक म्हणाले, बर्फाचं भाडं फार. पैशाचं भांडं एकच, तुम्हाला द्यायचं तर दुसऱ्या कुणाचं काढावं लागेल. तेही खोटं नव्हतं. मग म्हणाले, आणि तुमच्या मॅचला बघायला येतं कोण?

"मुलांच्या मॅचला तरी कोण येतं?" एली म्हणाली. "आम्हीच येतो."

लोक हसले. मला वाटलं, जमतंय.

मग ग्रॅहम सर उठले. "निर्णयाआधी हे बघा," म्हणाले, आणि भिंतीवर मी आले. नवीन साडीतली, मशीनवर बसलेली. जुना शर्ट हातात. भिंतीवरची मी म्हणाले, "नो, नो, नथिंग. वुई आर व्हेरी हॅपी."

"हे पैशाने विकत मिळत नाही," ग्रॅहम सर म्हणाले. "ही आपुलकी. या बाई आनंदाने करतायत. बजेटमध्ये घालाल तर हे मरून जाईल."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

माझ्या थँक यूने माझ्याच मुलीचा बर्फ काढून घेतला आणि मला टाळ्या.

रेवा माझ्याकडे बघत होती. इथे जन्मलेली पोर, तिचं मराठी मोडकंतोडकं. टेबलावरून हळूच म्हणाली, "आई, तू असा का सांगितली? आम्हाला सगळा पाहिजे होता ना."

नोकरी डोळ्यांपुढे होती, घराचे हप्ते होते. ती फुलंही आठवली. आणि तरी मी उभी राहिले. कशी, ते मला अजून कळलेलं नाही.

"ग्रॅहम सर," मी म्हणाले, माझ्या तुटक्या इंग्रजीत. "माझ्या घरी तुम्ही चिवड्याला नो म्हणालात. मी तरी दिला. तुम्ही खाल्ला."

सगळे हसले. तेही हसले.

"मी तुम्हाला एकदा नो म्हणाले. तुम्ही थांबलात. आता परत विचारा."

ते माझ्याकडे बघेनात. कमिटीकडे वळून, मान तिरपी करून म्हणाले, "ब्लेस हर."

लहान मूल काहीतरी बोबडं बोललं की कौतुकाने म्हणतात तसं. मी समोर उभी होते. त्या दोन शब्दांत माझी नोकरी, माझा चिवडा, माझं सगळं थँक यू गेलं. मला दिसलं, या माणसाने मला कधी माणसात धरलंच नव्हतं. चांगला होता तो माझ्याशी. माणूस कुत्र्याशीही चांगला असतो.

परत कुणी विचारलं नाही. तेव्हा न विचारताच मी बोलले. "माझ्या मुलीला बर्फ पाहिजे. दिवसाचा. शर्ट पाहिजे. नवा. त्याच्यावर फक्त तिचं नाव. मी शिवते कारण तुम्ही देत नाही. मला आवड आहे म्हणून नाही. तो व्हिडिओ खोटा आहे. माझं थँक यू मी परत घेते."

कमिटीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, फारच हृदयस्पर्शी. मग घड्याळ बघितलं. निर्णय पुढच्या वर्षावर टाकला.

काही दिवसांनी ग्रॅहम लाँड्रीत आले. हातात पिशवी. पोरांना पुन्हा नवे शर्ट आले होते. "राग नाही ना? हे पडूनच आहेत. करा तुमची जादू."

"नो," मी म्हणाले.

मागे थँक यू लावलं नाही. सॉरीही लावलं नाही. तोंडात तो शब्द एकटाच, ओकाबोका वाटला. मला वाटलं, आता परत विचारतील आणि मी विरघळेन.

"थोडंसं शिवणच आहे, लव." इथे कुणालाही लाडाने लव म्हणतात.

"मग तुम्ही शिवा."

ते पिशवी तिथेच ठेवून गेले. मी ती जशीच्या तशी मुलींना दिली. रेवा म्हणाली, "आई, नावं काढू नको. राहू दे." पुढच्या मॅचला सगळ्या मुली पोरांची आडनावं पाठीवर घेऊन उतरल्या. बाही बोटांवरून लोंबतेय, शर्ट गुडघ्याला लागतोय. रेवाच्या पाठीवर पुन्हा तोच चिप्सवाला होता, या खेपेला अख्खा. तिने गोल केला तेव्हा माईकवरच्या माणसाने त्याचं नाव पुकारलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. समोरच्या टीमची कोच येऊन विचारून गेली, ही काय भानगड? रेवाने सांगितलं. मग दुसऱ्या कुणी विचारलं. त्यालाही सांगितलं. तो पोरगा तिथेच होता. त्या दिवशी तो ओरडला नाही.

बर्फ अजून मिळालेला नाही. माझी भीती गेलेली नाही. फोन वाजला की वाटतं, नोकरी गेल्याचाच असेल. पण शिवणयंत्रावर मी कापड टाकून ठेवलंय, आणि पुढच्या वर्षीच्या बैठकीला मला बोलावलं नाही तरी मी जाणार आहे.

आणि सोमवारी, पोरांच्या कपड्यांबरोबर मुलींचे कपडेही मी युनिव्हर्सिटीच्या मशीनमध्ये घालते. रोटावर नाहीत ते. चोरून घालत नाही. लाँड्रीचं दार सताड उघडं ठेवते. ग्रॅहम जाता-येता बघतो. अजून विचारलेलं नाही त्याने. विचारेल त्या दिवशी उत्तर पहिल्याच खेपेला मिळेल.