सतरा नंबरच्या उशा

कोपरेकाका हे त्यांचं आडनाव नव्हे. पण समुद्रकाठच्या त्या हॉटेलात येणाऱ्या निम्म्या पाहुण्यांना ते आडनावच वाटायचं. एका गृहस्थांनी तर घरी पोचल्यावर "श्री. कोपरे यांस" असं पत्र पाठवलं होतं, आणि काकांनी ते पाकिटासकट जपून ठेवलं होतं. नाव पडलं होतं ते चादरीच्या कोपऱ्यांवरून. एकतीस वर्षं काका त्या हॉटेलात खोल्या आवरत होते आणि चादरीचा कोपरा ते असा काही दुमडून गादीखाली खोचायचे की पाहुणा रात्रभर कितीही लोळला तरी सकाळी कोपरा जागच्या जागी. उशीचा अभ्रा घातला की त्याचं उघडं तोंड दाराच्या उलट बाजूला. "पाहुणा दारातून आत येतो, त्याच्याकडे आ वासून बघू नये," असं त्यांचं म्हणणं होतं. ते उशीबद्दल बोलतायत हे नव्या माणसाला जरा उशिरा कळायचं.

हॉटेल तसं बेताचंच. तीन मजले, अठरा खोल्या, लिफ्ट नाही. मालकीणबाई अडुसष्ट वर्षांच्या. काउंटरमागे ताठ बसलेल्या असायच्या. पाहुण्यांना तिथे नावापेक्षा नंबरानेच ओळखलं जाई. नऊ नंबरच्या गृहस्थांना दोन पांघरुणं लागतात, चार नंबरची मंडळी टॉवेल जमिनीवर टाकतात, हे काकांना पाठ होतं. माणूस काउंटरवर काय बोलतो यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. माणूस कळतो तो सकाळच्या अंथरुणावरून, असं त्यांचं मत.

त्यात सतरा नंबरच्या मॅडम म्हणजे वेगळंच प्रकरण. शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त. बावीस वर्षं दरवर्षी त्याच आठवड्यात यायच्या, एकट्या, वरच्या मजल्यावरच्या त्याच खोलीत. पहिल्या वर्षी काकांच्या लक्षात आलं की या बाईंच्या उशा रोज सकाळी पलंगाच्या पायथ्याशी सापडतात. काका त्या उचलून जागेवर ठेवायचे, दुसऱ्या सकाळी पुन्हा पायथ्याशी. दुसऱ्या वर्षी काकांनी दार लावून घेतलं, पलंगाशी उकिडवे बसले, पायथ्याच्या बाजूला मान कलती केली आणि खिडकीकडे पाहिलं. तिथून, डोकं न उचलता, सरळ समुद्र दिसत होता. तिसऱ्या वर्षी मॅडम आल्या तेव्हा उशा पायथ्याशी, चादर उलट्या बाजूने खोचलेली, आणि पाण्याचा पेला डाव्या हाताला, वर बशी झाकून, कारण मॅडम डावखुऱ्या. जाताना मॅडम फक्त एका चिठ्ठीवर "बरोबर" असं लिहून खाली दोन रेघा मारून गेल्या. गणिताच्या बाई, याहून जास्त त्या कुणाला देत नसाव्यात.

मग हॉटेलशेजारी टॉवर उभा राहिला. आणि काही दिवसांतच कळलं की त्यातल्या निम्म्या फ्लॅटांत कुणी राहतच नाही. ते रोजाने भाड्याने जातात. मोबाइलवर फोटो बघायचा, बोटाने ठरवायचं, दाराला नंबरांचं कुलूप, तो नंबरही मोबाइलवरच येणार. मालकाचं तोंड बघायची गरज नाही, आणि मालकालाही पाहुण्याचं. आत स्वयंपाकघर, कपडे धुवायचं मशीन, खाली उतरायला लिफ्ट. मालकीणबाई काउंटरवरून टॉवरच्या गॅलऱ्यांत वाळणारे ओले टॉवेल बघायच्या. "एवढे टॉवेल कधीकाळी आपल्या गच्चीवर असायचे, काका," त्या म्हणायच्या. चौघे खोल्या आवरायचे, त्यांतले आता एकटे काका उरले होते, आणि मागच्या अंगणात धुलाईच्या बाई.

काकांना यावर बोलायला तोंड नव्हतं. कारण तो टॉवर त्यांच्याच जुन्या घराच्या जागेवर उभा होता आणि जागेच्या बदल्यात त्यांना पाचव्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट मिळाले होते. एकात काका, काकू, मुलगा आणि सूनबाई. दुसरा सूनबाईंनी मोबाइलवर चढवला होता.

"बाबा, सगळ्यांचेच जातायत, आपलाच का कुलूप लावून ठेवायचा?" सूनबाई म्हणाल्या होत्या. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. काकांनी पुष्कळ शोधली.

पहिला पाहुणा गेला आणि त्याने लिहिलं: जागा छान, दृश्य सुंदर, अंथरूण चुरगळलेलं. तीन तारे. सूनबाई त्या दिवशी धड जेवल्या नाहीत. काका म्हणाले, बघतो जरा. समोरच्या फ्लॅटात गेले तर गादीवर रबर लावलेली चादर. टोपीसारखी चढवायची आणि सोडून द्यायची. काकांना ती चादर नसून पलंगाला आंघोळीची टोपी घातलीय असंच वाटलं. त्यांनी ती काढली, घरातली साधी चादर आणली आणि चार कोपरे केले. एकदाच. सुनेसाठी.

पुढच्या पाहुण्याने पाच तारे दिले आणि खास अंथरुणासाठी तीन ओळी लिहिल्या. काका अडकले ते तिथेच.

पाहुणे अकराला जाणार, नवे तीनला येणार. आणि काकांची हॉटेलातली सुट्टी पाचला. मग एक दिवस काका काउंटरसमोर उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा मालकीणबाईंशी खोटं बोलले. "बाई, गुडघे फार धरतायत. दोननंतर उभं राहवत नाही."

मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग दोनला जात जा. आणि वरच्या मजल्याचं मनावर घेऊ नका. वरचं बघू आम्ही काय ते."

काकांना हायसंही वाटलं आणि कसंतरीही. वरचं धुलाईच्या बाई करतील, असं त्यांनी धरून टाकलं. विचारायला गेले नाहीत. खोट्याच्या आसपास फार फिरू नये म्हणून. त्या दिवसापासून रोज दुपारी दोनला ते हॉटेलच्या फाटकापर्यंत लंगडत जायचे आणि कोपरा वळला की टॉवरकडे भराभर चालायचे.

गॅलरीतून हे सगळं काकूंना दिसायचं. "अहो, काल डावा दुखत होता, आज उजव्या पायाने लंगडलात. एक काय तो ठरवा. उद्या दोन्ही विसरलात तर नाचत बाहेर पडाल."

त्या वर्षी मॅडमचा आठवडा आला, पण मॅडमचं बुकिंग आलं नाही. मालकीणबाईंनी सतरा नंबर बुधवारपर्यंत कुणाला दिला नाही. काकांनी दोनदा वहीत डोकावून पाहिलं. गुरुवारी मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "त्याही तिकडे गेल्या असतील." आणि टॉवेलांकडे बघायला लागल्या.

त्याच दुपारी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, समोरच्या बुकिंगला आज चादर बदलायचीय. कुणा माणसाने आत्यासाठी आठवडाभर घेतलाय. त्या तीन ते चार फिरायला जातात, तेवढ्यात आटपा."

काका आत गेले. मेजावर तपकिरी कापडी टोपी, भिंग, आणि आकड्यांच्या कोड्यांची वही, पेन्सिल डाव्या बाजूला ठेवलेली. अंथरूण अस्ताव्यस्त आणि दोन्ही उशा पायथ्याशी.

काका क्षणभर थांबले. मग हात कामाला लागले. हात काही विचारायला थांबत नाहीत. चादर उलट्या बाजूने, चार कोपरे, उशा पायथ्याशी, तोंडं दाराच्या उलट. पेला डावीकडे, वर बशी. पडदा अर्धा. चुरगळलेली चादर काखेत मारून ते बाहेर आले, दार ओढलं, कुलूप पिपाणीसारखं वाजलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण खोली नुसती आवरली नाही, तिच्यावर आपली सही करून आलोय.

परत जाऊन उशा फिरवाव्यात असं मनात आलं. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडण्याचा आवाज झाला आणि काका आपल्या घरात शिरले.

"काय झालं? पांढरे पडलात," काकू म्हणाल्या.

काकांनी सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. "उद्या मॅडम हॉटेलात जाऊन सांगणार. एकतीस वर्षं चादरीचा कोपरा ढळू दिला नाहीत, आणि आता..." पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं. काकू एरवी काही टाळत नसत, त्यामुळे काकांना जास्तच लागलं. नोकरीचं नव्हतं तसं. या वयात आज ना उद्या सुटायचीच. पण मालकीणबाईंनी आपल्याकडे बघून मग नजर टॉवेलांकडे वळवावी, हे त्यांना सोसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पहिल्या मजल्यावर, आठ नंबरमध्ये अभ्रा झटकत होते. खिडकीतून दिसलं: तपकिरी टोपी फाटकातून आत येत होती, हळूहळू, हातात काठी. काठी नवी होती. काका अभ्रा तसाच घेऊन जिन्यापर्यंत आले. खाली दोघी समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये चहा.

"रागावून गेले नाही मी," मॅडम सांगत होत्या. "हे गुडघे. तुमच्या वरच्या मजल्यावर आता चढवत नाही. भाच्याने लिफ्टची जागा शोधून दिली. फोन करायला हवा होता. धीर झाला नाही."

"गुडघ्यांचं काही विचारू नका," मालकीणबाई म्हणाल्या. "आमच्या काकांनाही तेच. दोननंतर उभं राहवत नाही त्यांना."

"काकांना? पण काल तर..." मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. बावीस वर्षांत त्यांचं वाक्य अर्धवट राहिलेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी चहाचा कप उचलला आणि त्यात बघत बसल्या.

काका खाली आले. हातातला अभ्रा घडी करायचं सुचलं नाही.

"बाई, गुडघ्यांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "टॉवरमधला एक फ्लॅट आमच्या सुनेचा आहे. दुपारी तिथली अंथरुणं मी घालतो. मॅडम तिथेच उतरल्यात. मला काल कळलं."

"मला बशीवरून कळलं," मॅडम म्हणाल्या. "पण माझ्या तोंडून ते यायला नको होतं."

मालकीणबाईंनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सुनेचं काम करता याचा राग नाही. टॉवर सगळ्यांच्याच घरात शिरलाय. वरच्या मजल्याचं कोण करतं, हे विचारलंत कधी?"

"धुलाईच्या बाई..."

"त्यांना मागचं सोडून जमतं का? मी करते. रोज दुपारी, तुम्ही गेलात की. चार महिने झाले. तुमच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून." त्या थांबल्या. "आणि कोपरे येत नाहीत मला. दोन-दोनदा चढते."

काकांना वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ते अभ्र्याच्या शिवणीकडे बघत राहिले.

"उद्यापासून वरचा मजला तुमचा," मालकीणबाई म्हणाल्या. "तो करा, मग दोनला जा की तीनला, मी विचारणार नाही. पण एक. उशा पायथ्याशी लावणं ही या हॉटेलची पद्धत आहे. ती तिकडे चालायची नाही."

"म्हणजे माझ्या उशांचं तुम्ही दोघांनी ठरवून टाकलंत," मॅडम म्हणाल्या. "मला काही पर्याय?"

"खालची तीन नंबर देईन मी. जिना नाही. पण समुद्र दिसत नाही, कुंपणाची भिंत येते मध्ये."

"मग काय उपयोग."

"तीन नंबरमध्ये पलंग आडवा लावला तर," काका हळूच म्हणाले. "मला वाटतं फाटकातून दिसेल. फाटक उघडं असलं तर."

तिघं तीन नंबरमध्ये गेली. काकांनी पलंग ओढून आडवा केला. आता बघायचं कसं? मॅडमना उठबस जमेना, मालकीणबाईंनी नुसत्या भुवया उंचावल्या. काकांनी चपला काढल्या आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा हॉटेलच्या पलंगाला पाठ टेकली. इतकी वर्षं ज्या चादरीवर एक सुरकुती त्यांनी खपवून घेतली नव्हती, त्याच चादरीवर ते चुळबुळ करत सरकले.

"थोडं डावीकडे," मॅडम दारातून म्हणाल्या.

काका डावीकडे सरकले. खिडकी, मग भिंत, मग फाटकाची चौकट, आणि तिच्यात समुद्राची एक उभी पट्टी, टॉवेलाएवढी रुंद.

"दिसतो," काका म्हणाले. आणि उठायचं सोडून अजून थोडा वेळ तसेच पडून राहिले. गादी बरी होती.

"सकाळी फाटक उघडं ठेवावं लागेल," मालकीणबाई म्हणाल्या. "कुत्री येतात."

"येऊ देत," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तीन नंबर ठेवा माझ्यासाठी. हा आठवडा तिकडेच काढते, तुमच्या सुनेला वाईट नको वाटायला."

पण सुनेला वाईट वाटायचं ते वाटलंच. आठवड्याने रिव्ह्यू आला: पाच तारे, जागा उत्तम, लिफ्ट उत्तम, पुढच्या वर्षी मात्र शेजारी उतरणार आहे.

"शेजारी म्हणजे कुठे, बाबा?" सूनबाईंनी विचारलं.

"आधी हॉटेलपासून लपवून इकडची अंथरुणं घालत होते," काकू परस्पर म्हणाल्या. "आता इकडचं गिऱ्हाईक तिकडे नेऊन सोडलं. मधल्या कुंपणावर एक खुर्ची टाकून बसा म्हणावं."

सूनबाई दोन दिवस काकांशी मोजकंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी साधी चादर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तो कोपरा शिकवा मला. दर वेळी तुमच्यासाठी खोळंबून चालणार नाही." काकांनी शिकवला. पहिले सहा बिघडले, सातवा बरा आला. "बरोबर," काका म्हणाले. दोन रेघा मारायला कागद जवळ नव्हता.

आता सकाळी काका वरचा मजला करतात. चादरींचा गठ्ठा खांद्यावर, तीस पायऱ्या, दिवसातून तीनदा, आणि मालकीणबाई काउंटरवर जागच्या हलत नाहीत. वरच्या वळणावर परवापासून त्यांच्या उजव्या गुडघ्यात एक बारीक कळ येते. खरी. काका कठड्याला धरून क्षणभर उभे राहतात, खाली कुणी बघत नाही ना ते बघतात, आणि ताठ पावलं टाकत सतरा नंबरकडे चालू लागतात. दुखतंय म्हणून सांगायची सोय त्यांनी स्वतःच संपवून टाकलीय.